घराचा हिशेब

मुंबईत घर घेण्याच्या खटपटीत असलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : केवढ्याला? कोठे, हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि कोणासाठी, हा तर बहुधा कोणी विचारीतच नाही. २०२२ च्या पावसाळ्यापासून पुढची दोन वर्षे मी व माझी पत्नी घराच्या शोधात होतो. त्या काळात या तीन प्रश्नांचा क्रम उलटा लावून पाहण्याची सवय आम्ही स्वतःला लावून घेतली. त्यातून जे हाती आले ते येथे मांडावेसे वाटते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण कुटुंबे आज याच उंबरठ्यावर उभी आहेत आणि दलालाच्या सल्ल्याखेरीज दुसरा सल्ला त्यांना फारसा मिळत नाही.

आमचे मूळ गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. तेथे वडिलोपार्जित वाडी आहे, जुने घर आहे, आई आहे आणि वाडी कसणारे थोरले बंधू आहेत. मी अंधेरीच्या एका कचेरीत नोकरीला. पत्नी कांदिवलीच्या रुग्णालयात परिचारिका. लग्नानंतरची चौदा वर्षे आम्ही मालाडला भाड्याच्या घरांत काढली. अकरा महिन्यांचा करार, त्याचे नूतनीकरण, पुन्हा वाढीव भाडे आणि एक दिवस मालकाचा निरोप : मुलाचे लग्न ठरले आहे, घर मोकळे करून द्या. चौदा वर्षांत चार बिऱ्हाडे झाली. प्रत्येक वेळी नाताळच्या गोठ्याची पेटी नव्या माळ्यावर चढली आणि प्रत्येक वेळी त्यातला एखादा मेंढपाळ मोडला. मुलगी आठवीत गेली तेव्हा तिनेच एकदा विचारले, "पप्पा, शाळेच्या अर्जावर कायमचा पत्ता म्हणून काय लिहू?" मी वसईचा पत्ता सांगितला. तिने तो लिहिला खरा. पण त्या गावी ती सलग आठ दिवसांहून अधिक कधी राहिलेली नव्हती.

आमच्यापुढे चार वाटा होत्या. मालाडला ऑर्लेमच्या परिसरातच राहायचे. तेथे चर्च जवळ, शाळा जवळ, ओळखीची माणसे जवळ, परंतु भाव आमच्या आवाक्यापलीकडचा. दुसरी वाट बोरिवली-दहिसरची. तेथे जुन्या इमारतीत लहान घर मिळू शकत होते. तिसरी नायगाव-वसई रोडची. तेथे त्याच पैशांत एक खोली जास्त, शिवाय नवी इमारत आणि उद्वाहन. चौथी वाट सगळ्यांत सोपी दिसत होती व तिचा उल्लेख सगळ्यांत जास्त वेळा होत होता : वाडीतला आपला हिस्सा विकायचा आणि ऑर्लेमलाच ऐसपैस घर घ्यायचे.

हा पेच काही आपल्याच पिढीचा नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा दाट वस्तीतून माणसे उपनगरांकडे धावली. वांद्र्याच्या आणि इतर जुन्या गावठाणांच्या गल्ल्यांत आजही जे क्रूस दिसतात त्यांतले अनेक त्या साथीच्या भयातून उभारलेले आहेत. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याची संस्था काढली. त्यानंतर थोड्याच काळात वांद्र्याला साल्सेट कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी उभी राहिली. एकेकट्याला जे परवडत नाही ते दहा जणांनी मिळून करावे, हा त्यामागचा साधा विचार. आज आपण सोसायटी हा शब्द देखभाल-खर्चाच्या पावतीपुरता वापरतो; त्या शब्दाचा मूळ अर्थ सोबत असा आहे.

सोबत मात्र कोणाची? शोधाच्या आरंभी आमचा कल स्वाभाविकच आपल्या माणसांकडे होता. त्यातच एक कडवट अनुभव आला. एका उपनगरातील घर आम्हांला पसंत पडले, मालकालाही आम्ही पसंत पडलो. परंतु सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी आडनाव ऐकताच विचारले, "खाण्यापिण्याचे काय?" उत्तर ऐकून ते हसून म्हणाले, "इथे तुम्हांला अवघड जाईल." त्या दिवशी मनाला लागले. घरी परतताना मी म्हणालो, आता आपल्याच वसाहतीत घर घ्यायचे. पत्नीने शांतपणे विचारले, "आणि आपल्या वसाहतीत त्या गृहस्थांना कोणी घर देईल का?" २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला आहे. कायद्याने ते चालते. तरीही, जे दार आपल्यावर लागले म्हणून दुखले तेच दार दुसऱ्यावर लावण्यात समाधान कसले, हा पत्नीचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. आम्ही यादीतील 'आपली माणसे' ही अट खोडली आणि 'चर्च चालत जाण्याच्या अंतरावर' अशी नवी अट लिहिली. दोहोंत फरक आहे.

त्यानंतर आम्ही वेळेचा हिशेब मांडला. नायगावहून अंधेरीच्या कचेरीच्या दारापर्यंत, रिक्षा, गाडीची वाट आणि गर्दीत सुटलेली एखादी लोकल धरून, एका बाजूचा दीड तास लागत होता. दहिसरहून पाऊण तास. म्हणजे जाऊनयेऊन रोजचा दीड तासाचा फरक. वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले तर ४२० तास होतात. म्हणजे अहोरात्र साडेसतरा दिवस. वीस वर्षे कर्ज फेडायचे, त्या वीस वर्षांत ही बेरीज ३५० दिवसांवर जाते. आयुष्यातले जवळजवळ एक पूर्ण वर्ष, तेही दारात उभे राहून. जास्तीची एक खोली मिळते ती या वर्षाच्या मोबदल्यात. पत्नीची पाळी कधी रात्री नऊला, कधी दहाला सुटते. तिच्या बाबतीत प्रश्न केवळ तासांचा नव्हता, रात्रीच्या रस्त्याचा होता. १९ जानेवारी २०२३ रोजी दहिसर पूर्व ते अंधेरी पश्चिम ही मेट्रो पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमच्या कागदावरील आकडे बदलले. कांदिवलीचे रुग्णालय, मालाडची शाळा आणि अंधेरीची कचेरी एकाच मार्गावर आली. दुसऱ्या दिशेला पाहिले तर दहिसरहून वसई रोड हे लोकलचे अवघे चौथे स्थानक : मीरा रोड, भाईंदर, नायगाव आणि वसई रोड. आईला बरे नाही असा रात्री निरोप आला तर तासाभरात तिच्या उशाशी पोहोचता येईल, ही गोष्ट कोणत्याही जाहिरातपत्रकात छापलेली नसते.

पैशांचा हिशेब सर्वांनाच करावा लागतो; तरी त्यातील काही बाबी उशिरा कळतात म्हणून येथे नोंदवितो. पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये पडतो आणि अखेर एकूण परतफेड १ कोटी ४ लाखांच्या घरात जाते. म्हणजे एका घरात राहायचे आणि दोन घरांचे पैसे मोजायचे. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के आहे, नोंदणी शुल्क अधिकांत अधिक ३०,००० रुपये. एक कोटीच्या घरामागे सहा लाख तीस हजार रुपये निव्वळ कागदासाठी बाजूला ठेवावे लागतात आणि त्यांसाठी बँक सहसा कर्ज देत नाही. खरेदी केवळ स्त्रीच्या नावाने असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. ही सवलत कळताच आम्ही घर पत्नीच्या नावे घेण्याचे ठरविले. माझ्या एका वडीलधाऱ्या नातलगांना ते रुचले नाही. "आपल्याकडे अशी रीत नाही," असे ते म्हणाले. मी त्यांना एवढेच सांगितले की, चारही बिऱ्हाडे जिने हलविली आणि जिने लावली, तिचे नाव दारावर असायला रीतीची हरकत नसावी.

क्षेत्रफळाच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने सामान्य माणसावर उपकार केले आहेत. पूर्वी भिंती, जिना, सज्जा सगळे धरून फुगविलेला आकडा सांगितला जाई. आता विकासकाला चटई क्षेत्र सांगावेच लागते. जुन्या घरांच्या व्यवहारांत मात्र अजूनही तोंडी फुगलेले आकडेच ऐकू येतात. तेथे मोजपट्टी खिशात ठेवावी आणि संकोच न करता काढावी.

कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यात संसार उभा राहतो आणि बुडतोही. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया व कचरा यांसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी त्या पाडण्यात आल्या. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांतल्या पुष्कळांनी पैसे मोजून, करारनामे करून घरे घेतली होती. करार असणे आणि इमारत अधिकृत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून महापालिकेने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. चौथा कागद जमिनीचा. इमारत सोसायटीची आणि जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर, अशी स्थिती मुंबईत जागोजागी आढळते. पुढे इमारत मोडकळीस आली, पुनर्विकासाची वेळ आली की, हाच कागद आडवा येतो. २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे. तरी विकत घेण्यापूर्वीच सोसायटीच्या चिटणिसांना 'जमीन कोणाच्या नावावर आहे?' असे विचारून मालमत्ता पत्रकाची प्रत मागावी. प्रामाणिक माणूस ती प्रत दाखवितो. दुसरा चहा मागवितो.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याने शिकविली. घरे दाखविण्याचा हंगाम दसऱ्या-दिवाळीनंतरचा. तेव्हा रस्ते कोरडे असतात, भिंतींना नवा रंग असतो. आम्ही मात्र पसंत पडलेले प्रत्येक घर जुलैत, भरतीच्या वेळी आणि जोराच्या पावसात पुन्हा जाऊन पाहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी दहिसर नदीनेही काठ सोडला होता. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर पाण्याखाली गेला आणि लोकल गाड्या बंद पडल्या. तेव्हा तळमजल्यावरील वृद्ध रहिवाशाला विचारावे, "२००५ ला पाणी कोठवर आले होते?" ते हाताने भिंतीवर खूण दाखवितात. त्या खुणेसारखा खरा दाखला दुसरा नाही. एके ठिकाणी एका आजींनी खूण तर दाखविलीच, शिवाय त्या रात्री वरच्या मजल्यावरच्या कोणत्या कुटुंबाने त्यांना वर नेले, गरम पेज दिली, तेही सांगितले. त्या इमारतीविषयी आम्हांला जे कळायला हवे होते ते सारे त्यातच कळले.

आता वाडीविषयी. वडील मृत्युपत्र न करता गेले. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा वेळी विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांना समसमान मिळते. आम्ही तीन भावंडे. म्हणजे माझा वाटा नवांतले दोन भाग. आज त्या पट्ट्यात जमिनीला आलेला भाव पाहता तेवढ्या तुकड्यावर ऑर्लेमचे घर जवळजवळ बिनकर्जाचे झाले असते. दादांच्या कानावर ही चर्चा गेली तेव्हा त्यांनी स्वतःच मला बोलावून घेतले. म्हणाले, "तू कागद कर, मी सही देतो. तुझ्या मुलांना घर नको का?" त्यांच्या बोलण्यात किंचितही नाराजी नव्हती. मला मात्र त्यांची वाडी दिसत होती. केळीच्या ओळी, पानवेली, कुंपणाशी सोनचाफा. पहाटे तीनला उठून खुडलेली फुले पहिल्या गाडीने दादरच्या बाजारात जातात. नवांतले दोन भाग कमी झाले तर वाडी तेवढ्यानेच लहान होईल असे नव्हे. ती वाडीच राहणार नाही.

आई इतका वेळ सुपारी कातरीत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "आणि विहीर रे? ती कोणाच्या वाट्याला घालणार?"

यावर आम्हां दोघा भावांपाशी उत्तर नव्हते. जमीन मोजता येते, विहीर मोजता येत नाही. ती ज्याच्या तुकड्यात जाईल त्याचा तुकडा जगेल, बाकीचे सुकतील. वसईच्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. त्याच्या आगेमागेच इमारतींचा लोंढा आला आणि वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने नव्या वसाहतींना जाऊ लागले. कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच पार्श्वभूमीवर. मी माझा तुकडा विकला असता तर त्यावर इमारत आली असती, आणि त्या इमारतीला पाणी बहुधा शेजारच्याच, म्हणजे दादांच्या विहिरीचे लागले असते.

बायबलमध्ये नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. राजाने चांगला मोबदला देऊ केला तरी नाबोथाने वाडवडिलांचा मळा दिला नाही आणि त्यापायी प्राण गमावला. प्रवचनांत आपण ती राजाच्या लोभाची कथा म्हणून ऐकतो. आमच्या ओटीवर कोणी राजा आलेला नव्हता. मागणारा घरचा होता, गरज खरी होती आणि देणारा आनंदाने द्यायला तयार होता. म्हणूनच निर्णय कठीण होता. मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्या गरजा त्यांनाच ठाऊक. आमच्यापुढे मात्र दुसरी वाट होती आणि ती केवळ अधिक अरुंद होती. परतीच्या गाडीत पत्नी म्हणाली, "दादा सही देतील. पण त्या घरात आपल्याला केळी विकत आणून खाता येतील का?" तेथेच चौथी वाट मिटली.

२०२४ साली आम्ही दहिसर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. चटई क्षेत्र ३८० चौरस फूट, उद्वाहन नाही. सोसायटीचे सर्व कागद जागेवर आहेत. जमीन सोसायटीच्या नावे आहे. चर्चला पायी जाता येते. पाणी कोठवर आले होते हे सांगणाऱ्या आजी आता आमच्या शेजारी आहेत. त्या गुजराती आहेत, समोरचे कुटुंब कोकणातले, वर एक मंगळूरचे कॅथोलिक जोडपे. पवित्र आठवड्यात आमच्याकडे काय असते हे त्या आजींना आता आमच्या मुलांइतकेच ठाऊक झाले आहे.

सगळे साधले असे मात्र नाही. आईला तीन जिने चढवत नाहीत. घराच्या आशीर्वादाला ती आली, मध्ये दोनदा बसली, वर आल्यावर खिडकीपाशी उभी राहिली आणि "वारा बरा येतो," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती आलेली नाही. आम्हीच एकाआड एक रविवारी जातो. दुसरी उणीव भाषेची. उपनगरांतल्या चर्चमध्ये मराठी मिस्सा असते, पण मुलांचे धर्मशिक्षण आणि त्यांच्या मित्रांची प्रार्थना इंग्रजीत चालते. आजी मराठीत जपमाळ म्हणते तेव्हा नातवाला अर्धीच साथ देता येते. वसईला घर घेतले असते तर ही उणीव राहिली नसती, हे मी नाकारीत नाही. प्रत्येक पत्त्याची काही ना काही किंमत असते. ती कोण चुकविणार, एवढेच आपल्या हाती असते. आम्ही ती शक्य तितकी स्वतः चुकवावी आणि दादांच्या वाडीवर टाकू नये, असे ठरविले. आता रात्रीची प्रार्थना आम्ही घरी मराठीतच म्हणतो. मुलगा अडखळतो, पत्नी न रागावता पुन्हा आरंभ करते.

घराच्या शोधात असलेल्या तरुण जोडप्यांना माझे सांगणे थोडके आहे. कोणासाठी, हे आधी लिहून काढा : घरातील म्हाताऱ्यांची नावे त्या यादीत घाला, रात्री उशिरा परतणाऱ्याचे नाव घाला. मग कोठे, हे ठरवा : एकदा जुलैत जा, एकदा रात्री दहाला स्थानकापासून चालत जा. केवढ्याला, हा प्रश्न अखेरीस विचारा आणि तो विचारताना रुपयांबरोबर तासही मोजा. गावाकडची जमीन विकण्याचा विचार असेल तर आधी त्या जमिनीवर उभे राहून, ती कसणाऱ्यांदेखत तो बोलून दाखवा.

आमच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर अजून झालेले नाही. दादांनी साठी ओलांडली आहे. त्यांचा मुलगा संगणकाच्या नोकरीत आहे आणि पहाटे तीनला उठून फुले खुडण्याची त्याला हौस नाही. त्याने ती का ठेवावी, हेही मला सांगता येत नाही. तूर्त विहिरीला पाणी आहे, गोडे आहे. उद्या कोणीतरी पुन्हा मोजणीचा विषय काढील आणि विहीर कोणाच्या वाट्याला, हे माझ्या व दादांच्या मुलांना एकत्र बसून ठरवावे लागेल. त्या वेळी त्यांना निदान एकमेकांच्या घरचा रस्ता माहीत असावा, म्हणून एकाआड एका रविवारी आम्ही मुलांना घेऊन चौथ्या स्थानकावर उतरतो.